दहा पुस्तके, साक्षीदार एकच?
इतिहासावरील पुस्तकाची विश्वासार्हता कशी पारखावी

ठाण्यात खोपट म्हटले की बहुतेकांना एसटीचे आगार आठवते. तेथून थोड्या अंतरावर ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. ते ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला होता आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. दुसऱ्या बाजूस रेल्वे स्थानक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी तेथे येऊन थांबली. खाडीपलीकडे कल्याण आणि भिवंडी, उत्तरेस घोडबंदर आणि वसई. सतराव्या व अठराव्या शतकांत हा सारा सरहद्दीचा मुलूख होता. आदिलशाही, मोगल, पोर्तुगीज, मराठे आणि मुंबईचे इंग्रज यांच्या सत्ता येथे एकमेकींना भिडत होत्या.

सरहद्दीच्या मुलखाचा इतिहास एका तोंडाने सांगितला जात नाही. जिंकणारा एक सांगतो, हरणारा दुसरे सांगतो, शेजारी बसून पाहणारा व्यापारी तिसरे लिहून ठेवतो आणि शंभर वर्षांनी त्यावर बखर रचणारा चौथेच काही सांगतो. या चौघांच्या कथनांवरून आज जी पुस्तके बाजारात येतात, त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावे हा प्रश्न केवळ संशोधकांचा उरलेला नाही. शाळेतील भाषण, सोसायटीच्या जयंतीचे व्याख्यान, गडावरच्या सहलीची माहितीपुस्तिका आणि भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश, सर्वत्र इतिहासाच्या पुस्तकांचे दाखले दिले जातात. त्यांतील बरेचसे दाखले 'अमुक पुस्तकात आहे' येथेच थांबतात. त्या पुस्तकात ते कोठून आले, हे विचारण्याची सवय अजून पुरेशी रुजलेली नाही.

कल्याणच्या सुनेची कथा

या सवयीचे महत्त्व पटवून देणारे उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. कल्याणच्या सुभेदाराची सून पकडून शिवाजी महाराजांपुढे आणली गेली आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून, वस्त्रालंकार देऊन सन्मानाने परत पाठविले, ही कथा ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. कथा, कविता, नाटके, चित्रपट आणि कीर्तने यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर ती खरी धरून महाराजांच्या या औदार्यावर टीकाही केली.

कल्याण-भिवंडी महाराजांनी १६५७ च्या सुमारास घेतली, याला भक्कम आधार आहे. सुनेच्या प्रसंगाचे मात्र तसे नाही. त्या काळच्या कागदपत्रांत तो आढळत नाही. तो पुढे येतो उत्तरकालीन बखरींतून, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांच्या आसपास लिहिलेल्या ग्रंथांतून. त्यानंतर शेकडो पुस्तकांनी तो उचलला. आज एखाद्याने वीस पुस्तके पुढे मांडून 'या सर्वांत ही कथा आहे' असे म्हटले, तरी त्या विसांच्या मागे साक्षीदार एखाद-दुसराच असतो आणि तोही घटनेच्या वेळी जन्मलेला नसतो.

येथे अनेक वाचक थबकतात. कथा निराधार ठरली तर महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणालाच बाधा येईल, अशी त्यांना भीती वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी गैरवर्तन केले म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिल्याचे १६४६ सालचे पत्र उपलब्ध आहे. ते महाराजांच्या ऐन तारुण्यातील आणि त्यांच्याच मुद्रेचे आहे. दुसरी साक्ष खाफीखान या मोगल इतिहासकाराची. महाराजांविषयी तो अपशब्द वापरल्याशिवाय राहत नाही. परंतु स्वारीत हाती लागलेल्या स्त्रियांना उपद्रव होऊ नये आणि मशिदींना व कुराणाला धक्का लागू नये, असा त्यांचा सक्त नियम होता, हे तोही मान्य करतो. शत्रूने दिलेली प्रशस्ती मित्राने रचलेल्या कथेपेक्षा कितीतरी अधिक मोलाची असते. म्हणजे कथा बाजूला ठेवली तरी तत्त्व उभेच राहते आणि अधिक पक्क्या पायावर उभे राहते. जो लेखक केवळ कथा सांगतो आणि हे पुरावे सांगत नाही, तो आपल्या विषयाची बाजू स्वतःच लंगडी करीत असतो.

बखर कोणाची, कधीची, कशासाठी?

बखर हा मराठी गद्याचा वैभवशाली प्रकार आहे. पण 'बखरीत आहे' हे वाक्य अपुरे आहे. बखर कोणती, हे आधी सांगावयास हवे. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवकालात वावरलेले गृहस्थ. त्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. महाराजांच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. सभासदांच्या बखरीतही कालक्रम मागेपुढे होतो, आकडे फुगतात. तरीही ती पाहिलेल्या-ऐकलेल्या पिढीची साक्ष आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यात तपशील सभासदांपेक्षा कितीतरी अधिक आहे. जसजसा काळ लोटतो तसतसा तपशील कमी व्हावयास हवा. तो वाढत गेला तर वाचकाने सावध व्हावे, हा इतिहासाच्या अभ्यासातील जुना नियम आहे.

लेखकाचे हितसंबंध हा दुसरा भाग. चिटणीस घराण्याचे मूळपुरुष बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला. त्यांच्याच वंशातील मल्हार रामरावांनी रंगविलेले संभाजी महाराजांचे चित्र काळेकुट्ट आहे. त्या बखरीचा आधार घेऊन इंग्रज इतिहासकारांनी लिहिले, त्यांच्या आधारे मराठी पाठ्यपुस्तके झाली आणि नाटककारांनी त्यावर आणखी रंग चढविला. शूर पण व्यसनी व अविचारी राजा, ही प्रतिमा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चार दशके कागदपत्रे गोळा करून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ आला. मोगल, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या समकालीन कागदांतून दिसणारा राजा निराळाच होता. एकाच वेळी अनेक आघाड्या सांभाळणारा, संस्कृत जाणणारा, प्रशासनात लक्ष घालणारा. चिटणिसांनी सारे खोटे लिहिले असे कोणी म्हणत नाही. मात्र आपल्या घराण्यावर शस्त्र धरणाऱ्याविषयी ते लिहीत होते, हे विसरून ती बखर वाचता येत नाही.

जी कसोटी निंदेला लावावयाची, तीच स्तुतीलाही लावली पाहिजे. घराण्याचा इतिहास घराण्यातील माणसाने लिहिला असेल, जातीचा इतिहास त्या जातीच्या संस्थेने काढला असेल, तर तो टाकाऊ ठरत नाही. कित्येकदा असे कागद अन्यत्र मिळत नाहीत. पण त्यातील पराक्रमाच्या प्रत्येक विधानाला बाहेरचा साक्षीदार शोधावा लागतो. वतनाच्या तंट्यांत खोट्या सनदा आणि बनावट महजर सादर होत असत, हे जुन्या न्यायनिवाड्यांतूनच दिसते. म्हणून कागद जुना आहे एवढ्याने भागत नाही. शिक्का, मोर्तब, मोडी अक्षराचे वळण, तिथी आणि वार यांचा मेळ, हे सारे जुळावे लागते.

तारखांचा गुंता

पुस्तक पारखण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे तारखा. शिवजन्माचेच पाहा. ग्रँट डफ यांच्या १८२६ सालच्या ग्रंथात जन्मवर्ष १६२७ आहे. चिटणीस बखरीतील शके १५४९ चा वैशाख त्याच वर्षी येतो. पुढे कारी येथील जेधे देशमुखांच्या संग्रहातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती. १९२७ साली कवींद्र परमानंद यांचे 'शिवभारत' छापले गेले. हा महाराजांच्या हयातीतील संस्कृत ग्रंथ. त्यातही तीच तिथी निघाली. एक मावळातील देशमुखांच्या घरी राहिलेली कोरडी टिपणे, दुसरे तंजावरला मिळालेले काव्य. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोघांची साक्ष एक. यालाच स्वतंत्र पुरावा म्हणतात. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्यावरून ठरली आणि महाराष्ट्र शासनाने ती स्वीकारली. वैशाखातील तिथी सांगणारी पुस्तके संख्येने कितीही असली, तरी त्यांचा उगम उत्तरकालीन आहे.

यापुढे दुसरी गुंतागुंत येते. पोर्तुगीजांनी १५८२ साली नवे ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले. इंग्रजांनी जुने ज्युलियन पंचांग १७५२ पर्यंत चालू ठेवले. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे, तर अठराव्या शतकात अकरा दिवसांचे अंतर होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पंचांगाची आहे. नव्या पंचांगाने ती १६ जून होते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्याच गणनेची. नव्या गणनेने ती १ मार्च येते. वसई मराठ्यांच्या हाती आली ती मे १७३९ मध्ये. त्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत मेच्या पहिल्या आठवड्यातील, तर काहींत अकरा दिवसांनंतरची दिसते. येथे कोणी चुकलेले असेलच असे नाही. कदाचित एकाने इंग्रजी गणना वापरली, दुसऱ्याने पोर्तुगीज.

भर म्हणून त्या काळच्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे मुंबईच्या वखारीतील जानेवारी-फेब्रुवारीची पत्रे आजच्या हिशेबाने एक वर्ष मागची वाटतात. मराठी पत्रांत शक, राज्याभिषेक शक, सुहूर सन आणि फसली सन यांपैकी काहीही असू शकते. चांगला लेखक प्रस्तावनेत आपण कोणती गणना वापरली हे सांगतो, शक्य तेथे मूळ तिथी देतो आणि जंत्री पाहून वार जुळतो का हेही तपासतो. ज्या पुस्तकात दिवस, प्रहर आणि घटका दिल्या आहेत पण त्या कोठून आल्या याचा पत्ता नाही, तेथे ती अचूकता हाच संशयाचा मुद्दा ठरावा.

तुरुंगाबाहेरचे गाणे

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला. त्या प्रकरणी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई नेमले. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटले. ही घटना निर्विवाद आहे. इंग्रज-पेशवे संबंध बिघडण्यात आणि पुढील युद्धात तिचा मोठा वाटा आहे.

या सुटकेची एक रम्य हकीगत सांगितली जाते. एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणे म्हणे; गाण्यात घोडा कोठे उभा आहे, साथीदार कोठे दबा धरून बसले आहेत हे गुंफलेले असे; मराठी न कळणारे पहारेकरी ते नुसते ऐकत राहत. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ साली मुंबई इलाख्यात आले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ही हकीगत आणि त्या गाण्याचे इंग्रजी पद्य आहे. पुढे ती अनेक पुस्तकांत शिरली.

येथे विधानांचे तीन थर वेगळे करता येतात. त्रिंबकजी पळाले, हा पहिला थर. त्याला सरकारी पत्रव्यवहाराचा आधार आहे. बाहेरच्या कोणाची तरी मदत त्यांना होती, हा दुसरा. तोही तर्काला धरून आहे. गाण्याचे शब्द हा तिसरा थर. ते घटनेनंतर नऊ वर्षांनी तेथे आलेल्या, मराठी न जाणणाऱ्या आणि स्वतः कवी असलेल्या धर्मगुरूने ऐकीव माहितीवरून इंग्रजीत उतरविले आहेत. म्हणून एखाद्या मराठी पुस्तकात ते गाणे मराठीत छापलेले दिसले, तर ते मूळ आहे की इंग्रजीवरून उलटे मराठीत आलेले आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हकीगत गाळावयाची गरज नाही. 'असे हेबर यांनी ऐकले' एवढे चार शब्द जोडले की ती प्रामाणिक होते.

पहिल्या रेल्वेविषयीही शब्द जपून वापरावे लागतात. बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे, हे विधान बरोबर आहे. 'भारतात रुळांवरून धावलेली पहिली गाडी' असे मात्र म्हणता येत नाही. रुडकीजवळ गंगा कालव्याच्या बांधकामासाठी माती वाहणारे वाफेचे इंजिन १८५१ साली चालले होते आणि मद्रासजवळ दगड वाहण्यासाठी लोहमार्ग त्याही आधी टाकला गेला होता. 'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत मोठा' ही विशेषणे जेथे वारंवार येतात, तेथे त्यांच्या शेजारी मर्यादा सांगणारा शब्द आहे की नाही, यावरून लेखकाची शिस्त कळते.

एका दफ्तरावरचा इतिहास

काही ग्रंथ खोटे नसतात, पण एकांगी असतात. जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास इंग्रजांचे राजकीय प्रतिनिधी होते. त्यांच्या हाताखालून असंख्य कागद गेले आणि त्यांचा ग्रंथ पुढे शतकभर प्रमाण मानला गेला. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने त्यातील उणिवा दाखविणारा निबंध वाचला आणि मराठीतील साधार इतिहासलेखनाची वाट मोकळी झाली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले. घरोघरीच्या माळ्यांवर पडलेले रुमाल सुटले, तेव्हा डफ यांचे काही निष्कर्ष टिकले, काही गळून पडले.

ठाणे आणि वसईच्या मोहिमेचा इतिहास हे याचे चांगले उदाहरण. अणजूरच्या नाईकांच्या घराण्याची हकीगत आणि साष्टीची बखर यांत स्थानिक लोकांचे प्रयत्न ठळक दिसतात. पेशवे दफ्तरातील पत्रांत चिमाजी अप्पांची छावणी, तोफा, सुरुंग आणि माणसांची हानी दिसते. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरात पैशांचा तुटवडा आणि मदतीच्या याचना सापडतात. त्या दफ्तराचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर वाचन केले म्हणून ती बाजू मराठी वाचकांस कळली. मुंबईचे इंग्रज शेजारी बसून दोघांचा अंदाज घेत होते. या चारांपैकी एकच दफ्तर वाचून लिहिलेले पुस्तक त्या दफ्तरापुरते खरे असते. ग्रंथाच्या शेवटी दिलेली साधनांची यादी पाहिली की लेखक किती दारांवर जाऊन आला हे लगेच लक्षात येते.

ग्रंथाचे वयही पाहावे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ चे. गावे, पिके, बंदरे, जकाती यांविषयी त्याच्याइतकी माहिती अन्यत्र एकत्र मिळत नाही. पण शिलाहारांच्या इतिहासासाठी आज केवळ त्यावर विसंबता येणार नाही. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट निघाला. त्यानंतर दोन शतके कोकणात लेख सापडत राहिले आणि वा. वि. मिराशी यांनी १९७० च्या दशकात ते सर्व नव्याने वाचून एकत्र छापले. जो लेखक १८८२ वर थांबतो, तो मधल्या शतकाचे श्रम वाया घालवितो. 'महिकावतीची बखर' ही तर एकाच वेळी लिहिलेली नाहीच. तिची प्रकरणे पंधराव्या-सोळाव्या शतकांत निरनिराळ्या वेळी रचली गेली. राजवाडे यांनी १९२४ साली ती छापली. तिचा दाखला देताना प्रकरण कोणते हे न सांगणे म्हणजे पत्त्यात घरक्रमांक न लिहिण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या सरहद्दीवरही हेच

ही अडचण मराठी इतिहासापुरती नाही. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहासही असाच दंतकथांनी भरलेला आहे. वायट अर्प या प्रसिद्ध शांतिरक्षकाचे चरित्र स्टुअर्ट लेक यांनी १९३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध केले. त्यात अर्पच्या तोंडी आलेली लांबलचक भाषणे लेक यांची स्वतःची होती. परंतु चित्रपटांनी आणि पुढील चरित्रांनी तीच खरी मानली. जनरल कस्टर १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारले गेले. त्यांच्या पत्नीने तीन पुस्तके लिहून त्यांची वीरप्रतिमा घडविली; त्या १९३३ पर्यंत हयात असल्याने उघड टीका करण्यास अनेक जण कचरले. लढाईत विरुद्ध बाजूस असलेल्या मूलनिवासी योद्ध्यांच्या हकिगती दीर्घकाळ कोणी मनावर घेतल्या नाहीत. १९८३ साली वणव्याने रणभूमीवरील गवत जळाले, पुढील दोन वर्षांत तेथे उत्खनन झाले आणि काडतुसे कोठे कोठे पडली होती यावरून त्या हकिगतींना बळ मिळाले. जिंकणाऱ्याच्या भाषेत छापले गेले नाही म्हणून कथन खोटे ठरत नाही, हा धडा ठाणे-पालघरमधील आदिवासींच्या इतिहासालाही लागू आहे.

पुस्तक हाती घेताना

सामान्य वाचकाला मोडी येत नाही, फारसी किंवा पोर्तुगीज येत नाही. तरीही पुस्तक पारखणे त्याच्या आवाक्यात आहे. प्रथम शेवटची पाने उघडावीत. संदर्भ, साधनांची यादी आणि सूची आहे का? तळटिपा आहेत का, आणि त्या नेमका खंड, पत्रक्रमांक वा पृष्ठ सांगतात की 'जुन्या कागदांवरून' एवढेच म्हणतात?

दुसरी गोष्ट, आपल्याला ठाऊक असलेली एखादी वादग्रस्त घटना त्या पुस्तकात शोधावी. शिवजन्माची तिथी, कल्याणची सून, त्रिंबकजींचे गाणे यांपैकी कोणतीही चालेल. लेखक मतभेद आहे असे सांगतो की नाही, आणि आपली बाजू निवडताना कारणे देतो की नाही, हे दोन पानांत कळते.

तिसरी गोष्ट, संवाद. बंद दालनात दोनच माणसे असताना झालेले बोलणे अवतरणचिन्हांत दिले असेल, तर ते ऐकले कोणी? 'स्वामी', 'छावा', 'पानिपत' या कादंबऱ्यांनी लाखो वाचकांना इतिहासाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण आहे. पण कादंबरीकाराला पात्रांच्या मनात शिरण्याची मुभा असते, इतिहासकाराला नसते. कादंबरीतील संवाद दहा वर्षांनी व्याख्यानात आणि वीस वर्षांनी 'इतिहास' म्हणून छापील पुस्तकात आढळला, तर तो दोष कादंबरीचा नव्हे.

चौथी गोष्ट, एखादा दाखला प्रत्यक्ष काढून पाहावा. राजवाडे, सरदेसाई यांचे जुने खंड आता अंकीय स्वरूपात इंटरनेटवरही सहज पाहता येतात. तळटीप सांगते ते त्या पानावर आहे का? तीन दाखले काढून तिन्ही जुळले तर लेखकावर विश्वास ठेवण्यास जागा आहे. एक जरी उलटा निघाला, तर उरलेले पुस्तक पेन्सिल हातात घेऊन वाचावे.

आणि शेवटी, पुस्तक समूळ खरे किंवा समूळ खोटे असे क्वचितच असते. विश्वास विधानावर ठेवावयाचा असतो, मुखपृष्ठावर नव्हे. सभासद आकड्यांत चुकतील, पण माणसांच्या बाबतीत मोलाची साक्ष देतील. खाफीखान शिव्या देईल, पण नियम खरा सांगेल.

खंडन आणि विध्वंस

ही शिस्त नसली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकात कसलाही पुरावा न देता, ऐकीव विनोदाच्या आधाराने अश्लाघ्य मजकूर आला होता. महाराष्ट्रातील इतिहास अभ्यासकांनी लेखी निषेध नोंदविला आणि प्रकाशकांनी नोव्हेंबर २००३ मध्ये ते पुस्तक भारतातील विक्रीतून मागे घेतले. पुराव्याच्या कसोटीवर ते विधान तेथेच संपले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि ग्रंथ, हस्तलिखिते व जुन्या वस्तूंची नासधूस झाली. निराधार पुस्तकाचा निकाल ज्या साधनांच्या बळावर लावावयाचा, त्यांचेच भांडार फोडले गेले. पुस्तकाला उत्तर द्यावयाचे तर तळटिपा लागतात आणि तळटिपांना दफ्तरे लागतात.

ठाणेकरांसाठी हे दफ्तर दूर नाही. येथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे हे 'महाराष्ट्र सारस्वत' या वाङ्मयेतिहासाचे कर्ते. जुन्या बखरी व कागद मिळवून ते छापण्यातही त्यांनी आयुष्य वेचले. ते कागद छापले गेले म्हणून आज एका बखरीतील विधान दुसरीसमोर ठेवून पाहता येते. खोपटच्या आगारातून रायगड किंवा शिवनेरी पाहावयास निघणाऱ्या मुलाने वाटेत गडाची माहितीपुस्तिका घेतली आणि 'हे कोणी पाहिले होते?' असे विचारले, तर त्याला रागावू नये. त्याला ग्रंथालयाचे कपाट दाखवावे.